सही आमची, आवाज त्यांचा

सरांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. खिशातून रुमाल काढला. माइक पुसला. मग आपल्या सुनेच्या हातात दिला.

रोह्यातला त्यांच्या संस्थेचा हॉल. पुढं खुर्च्यांवर डॉक्टर, वकील, निवृत्त मास्तर. मागं सतरंजीवर आम्ही. पेणच्या खाडीकाठच्या बाया, मिठागरात राबलेल्या. सामुदायिक रेडिओच्या परवान्यासाठी अर्ज करायचा होता, त्याची बैठक. आवाज कसा येतो बघू म्हणून मला बोलायला लावलं. मी बोलले, "आज भरती मोठी हाय. पोरांना बांधावर धाडू नका."

हॉल हसला.

"बाई," सर म्हणाले, "हा रेडिओ आहे. मासळीबाजार नाही."

माझ्या शेजारच्या दोघीही हसल्या. ते जास्त लागलं.

रेडिओ हवा होता आम्हाला. त्याला कारण होतं. मागं उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली, हे मोठं भगदाड. दुपारी जीप भोंगा लावून गावातून फिरली. "सखल भागातील नागरिकांनी तात्काळ स्थलांतरित व्हावे." माझी आय उंबऱ्यात उभी होती. शेजारणीला विचारलं, "स्थलांतरित म्हंजे काय गो?" शेजारीण म्हणजे आमच्या मंदाकाकीची धाकटी बहीण. ती म्हणाली, "काय तरी सरकारी असंल." दोघी आपापल्या घरात गेल्या.

मी तेव्हा रोह्याला, कंपनीच्या कँटीनमध्ये शिफ्टला. घरी पोचले तर आय माळ्यावर बसलेली. खाली कमरेएवढं खारं पाणी. शेजारीण शेळी सोडायला गोठ्यात गेली होती, तिचं प्रेत दुसऱ्या दिवशी सापडलं. बांधाच्या कडेला.

"पाणी आयलाय, पळा. येवढा सांगाया काय झालता त्यांना?" आय किती दिवस हेच बोलत होती.

म्हणून रेडिओ. आमच्या बायांची संस्था जुनी, नोंदलेली. मंदाकाकी अध्यक्ष, मी सचिव. अशा संस्थेला परवाना मिळू शकतो, असं कळलं. आणि सर आपणहून गावात आले. जागा देतो म्हणाले, वरच्या ओळखी आहेत म्हणाले. आम्ही हरखलो. त्यांची संस्था नवी आहे, नियमात बसत नाही, हे त्या हॉलमध्ये कळलं.

"अर्ज तुमच्या नावानं जाईल," सर म्हणाले. "बोलतील सूनबाई आणि आमची माणसं. शुद्ध बोलणारी. तुम्ही पाककृती वगैरेला या. इथं सही करा."

पेन हातात घेतलं. पेणच्या शाळेत 'नाय' म्हटलं म्हणून बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. "गावची भाषा वेशीवर ठेवून येत जा." आले की ठेवून! वर्षानुवर्षं. आयचा फोन आला की कँटीनच्या मागं जाऊन बोलायचे, कुणी ऐकू नये म्हणून. आता इथं सही केली की आयलाही वेशीवर ठेवायचं.

"सही नाय करणार."

"का?"

"आम्हाला बोलायचं हाय."

"चार बुकं शिकलीस म्हणून शहाणी झालीस का?"

मघाशी मी 'तुम्ही' होते. सही अडली आणि 'तू' झाले. मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठले.

परतीच्या एसटीत मंदाकाकी भडकली. "जागा त्यांची, ओळखी त्यांच्या. एका शब्दापायी सगळं घालवलंस गो."

पुढच्या आठवड्यात कँटीनच्या ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्याची सरांकडं ऊठबस होती. घरात बसून राहिले. भांडी आपटत राहिले. झोप नाही. वाटायचं, काकीचंच खरं.

मग एका सकाळी काकी दारात. बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "माझी भैन पण एका शब्दापायीच गेली. चल, अर्ज भरू."

पेणला जाऊन भरला. केंद्रासाठी जागा, आमची बालवाडी. त्रुटी निघाल्या, पुन्हा कागद दिले. कुणीतरी तक्रार केली की या बाया अडाणी आहेत, मागं दुसरंच कुणी आहे. चौकशीला साहेब आले. विचारलं, "बोलणार कोण?"

मी नावं सांगितली. आय. मंदाकाकी. मी.

"शिक्षण?"

"आय शाळेत गेली नाय."

साहेबांनी मान वर केली. "मग हे केंद्र चालणार कसं?"

"आम्ही चालवणार."

परवाना अजून आलेला नाही. रोज डोकं भणभणतं. दर अमावास्येला, पौर्णिमेला खाडी फुगते आणि मी अंगणात येरझाऱ्या घालते. सरांचा माणूस परवा पुन्हा येऊन गेला. अजून वेळ गेलेली नाही, सरांच्या कागदावर सही करा, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. अर्ज फेटाळला तर दुसरा करीन. दुसरा फेटाळला तर तिसरा. माझी सही घेऊन दुसरं कुणी बोलणार नाय. ह्या जन्मी तरी नाय.