कांडीवाले डॉक्टरनाना

गाय भरवायची वेळ आली की नाना आधी सगळ्यांना तोंड फिरवायला लावत. गोठ्यात मालक असो, शेजारी असो, नाहीतर सहज डोकावलेला सरपंच असो, "तोंडं तिकडं करा," असा हुकूम सुटायचा. मग ते गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "माय, माफी असावी," आणि खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवत. गावातली पोरं याची नक्कल करून हसायची. नानांना त्याचं काही नसे. "जनावर झालं म्हनून त्याला लाज नसती व्हय रं?" असं ते उलट विचारत.

खरं तर नाना डॉक्टर नव्हते. तरुणपणी कृत्रिम रेतनाचं शिक्षण घेतलं होतं, तेवढ्या शिदोरीवर त्यांनी सुप्याच्या आसपासच्या सात-आठ गावांत उभी हयात काढली. मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधलेला, आणि त्यात वळूचं बीज गोठवून ठेवलेल्या बारीक नळ्या. त्यांना आमच्याकडे कांड्या म्हणतात. गाय माजावर आल्याचा फोन गेला की अर्ध्या तासात नाना हजर. म्हणून ते डॉक्टरनाना. वासरू झालं की बोलावणं नसतानाही बघायला यायचे, त्याचं कपाळ खाजवायचे आणि मालकाला सांगायचे, "ही बी माजीच बरं का." अशा त्यांच्या लेकी प्रत्येक गोठ्यात होत्या. घरी मात्र ते एकटे, हातानं भाकरी थापून खाणारे. बायको माहेरी असते एवढंच गावाला माहीत होतं, आणि गावानं विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

मी सुप्याच्या एमआयडीसीत भट्टी खात्यात कामाला. घरी आई, मी, बायको मनीषा आणि चार गाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मनीषाचं रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, गर्भनळ्यांचा एक्सरे झाला. आई तिला पोटाची औषधं देणाऱ्या एका बाईकडे घेऊन गेली, दोन देवांना नवस बोलून आली. रिपोर्ट चांगले आले की आई म्हणायची, "मग धरत कसं न्हाई?" माझी तपासणी करावी हे घरात कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी मूग गिळून बसलो होतो. कंपनीत कुणाला मूल झालं की पेढे वाटले जात. तो पेढा मी खिशात टाकायचो आणि घरी येताना रस्त्यातल्या कुत्र्याला घालायचो. मनीषा बारशाला गेली की मागच्या रांगेत उभी राही आणि पाळण्याशी जायची वेळ आली की चपला शोधायला लागे. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, मी पाहिलं होतं.

त्यात आमची तांबडी गाय लागोपाठ तीनदा उलटली. म्हणजे भरवली, पण गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. मी वैतागून म्हणालो, "नाना, भाकड निघाली. बाजार दाखवू तिला." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांनाच विकायला काढलंय. ते मोटारसायकलकडे गेले, कॅन उघडला, त्यात नायट्रोजन मोजायची पट्टी बुडवून बाहेर काढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. कॅनला बारीक गळती लागली होती आणि त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"नायट्रोजन तळाला गेलाय," ते म्हणाले. "कांड्या मेल्यात. वरून जशाच्या तशा दिसत्यात बघ. आत जीव न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक काम केलं. त्या कॅनमधल्या कांड्या ज्या ज्या गोठ्यात वापरल्या होत्या तिथं तिथं जाऊन त्यांनी सांगितलं, "तुमची गाय चांगली हाय. माल माजा खराब हुता." लोकांनी शहाणपण शिकवलं, कशाला बोभाटा करता, पुढच्या वेळी राहील की गाभण. नाना म्हणाले, "तवर त्या गाईचं नाव खराब झालेलं असतं, त्याचं काय?" पुढच्या खेपेला आमची तांबडी राहिली. तिसऱ्या महिन्यात तपासून खात्री केल्यावर नाना आमच्या हौदावर हात धूत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आधी कांडी तपासायची, मग गाईला नाव ठेवायचं. संतू, तुजी तपासली का रं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय वळू आहे का?" असं काहीतरी बोललो आणि घरात निघून गेलो. पुढची गाय माजावर आली तेव्हा मुद्दाम दुसऱ्या गावच्या माणसाला बोलावलं. वीस-बावीस दिवस मी नानांना ओळख दाखवली नाही. मग एके दुपारी शिफ्ट सुटली आणि बघतो तर कंपनीच्या गेटासमोर, चहाच्या टपरीपाशी, नाना कॅनसकट उभे.

त्या टपरीच्या बाकावर त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी कुणालाही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर सात वर्षं मूल झालं नाही म्हणून त्यांच्या आईनं त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, चार दिवस विश्रांतीला म्हणून श्रीगोंद्याकडे माहेरी धाडलं. ते चार दिवस एकतीस वर्षं चालले. "आईनं दुसरी करायचा लई लकडा लावला," नाना म्हणाले. "मी न्हाई केली. लोकं म्हनली, बायकोवर जीव हाय. जीव हुताच. पर खरं कारन निराळं. दुसरीला बी न्हाई झालं तर? मग काय तोंड दाखवनार? आरं, मनात ठाऊक हुतं मला. हजारो कांड्या बघितल्या, माजी एक बघायचं धाडस न्हाई झालं."

चहा निवून गेला होता. नाना म्हणाले, "चल, दोघं बी तपासायला देऊ. तू एकटा लाजशील."

आणि खरंच आम्ही दोघं नगरला गेलो. लॅबमधल्या मुलीनं माझं नाव लिहून घेतलं आणि नानांकडे बघून विचारलं, "आजोबा, तुमची कशाला?" नाना म्हणाले, "उशीर झालाय बाई. पर बघायचंय." तिनं दोघांच्या हातात एकेक डबी दिली. उभा जन्म बीजाच्या कांड्या हाताळलेला तो माणूस ती डबी रुमालात गुंडाळून, घामाघूम होऊन, माझ्या मागं लपत होता. मला हसू आवरेना. शेवटी ते स्वतःही हसले आणि म्हणाले, "वळूचं बरं असतं लेका. त्याला नाव विचारत न्हाईत."

माझा रिपोर्ट आला. शुक्राणूंची संख्या कमी, चाल मंद. नानांच्या कागदावर शून्य होतं. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. बसस्टँडपर्यंत आम्ही चालत आलो.

घरी येऊन मी मनीषाला माझा कागद दिला. सहा वर्षं मी तिला एकटीला तपासायच्या टेबलावर झोपवत आलो होतो. ती काहीतरी बोलेल, आदळआपट करेल, असं वाटलं होतं, आणि तिनं ते करावं अशी माझी इच्छाही होती. तिनं कपाटातून स्वतःची जाडजूड फाईल काढली आणि त्यात माझा एक कागद लावला. "आता दोघांची झाली," म्हणाली आणि मग मात्र खूप रडली. आईला मीच सांगितलं. आई चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं आपणहून मनीषाच्या ताटात आधी वाढलं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी टेस्ट ट्यूबचा मार्ग सांगितला, पण त्याआधी तीन महिने तयारी. मनीषाला गोळ्या, थायरॉईडचं औषध, वजन थोडं कमी. मला तंबाखू बंद, रोज चालणं, आणि भट्टीजवळचं काम सोडायचं, कारण उष्णता बाधते. साहेबांना काय कारण सांगू, या विचारानं मी आठवडा घालवला. नाना म्हणाले, "खरं सांग. त्याला बी पोरं असत्याल." मी खरं सांगितलं आणि मला स्टोअरमध्ये बदली मिळाली. नाना रोज सकाळी यायचे, माझे खिसे चाचपायचे, मनीषाला "गोळी घेतली का सूनबाई?" विचारायचे. "गाभन ऱ्हानं आपल्या हातात न्हाई," ते सांगत, "तयारी हातात हाय. ती दोघांनी करायची. एका बैलानं गाडी कुटं चालती?" आम्ही संध्याकाळी रस्त्यानं बरोबर चालायला लागलो. सहा वर्षांत असे आम्ही कधी चाललो नव्हतो.

दुसऱ्या महिन्यात एका रविवारी नाना म्हणाले, "मला श्रीगोंद्याला सोड." उसाच्या पट्ट्यातून त्यांच्या मेव्हण्याच्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा इंदूकाकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. पांढरे झालेले केस, ताठ पाठ. नानांनी खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. काकूंना वाचता येत होतं. सावकाश वाचून झाल्यावर त्यांनी तो परत केला.

"माज्या आईला दाखवायला पायजे हुता हा," त्या म्हणाल्या. "माज्यापायी उपास करून करून गेली ती."

नानांनी कागदाची पुन्हा घडी घातली. काकूंनी आम्हाला जेवू घातलं, नानांच्या ताटात न विचारता लसणाची चटणी वाढली आणि पुन्हा शेंगा फोडायला बसल्या. परत येताना उसाचा पट्टा संपला तिथं नानांनी गाडी थांबवायला सांगितली. "चल म्हनावं वाटत हुतं रं," ते म्हणाले. "तोंडातून निघालं न्हाई." पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, असं मी म्हणालो. त्या रविवारी माझी ड्युटी निघाली. मग एकदा त्यांना ताप होता. त्यांनी एक साडी मात्र आणून ठेवली होती, हिरवट रंगाची, आणि मनीषाला चार वेळा दाखवून विचारलं होतं, "आवडंल का तिला?"

आमचे तीन महिने भरायला अकरा दिवस उरले असताना एका गोठ्यात, गाईपाशीच, नाना छाती धरून बसले ते उठले नाहीत. सुप्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी दोन दिवस जेवलो नाही. माझे वडील गेले तेव्हा मी लहान होतो, त्यामुळे बाप गेल्यावर काय होतं ते मला त्या वेळी कळलं. आमचं उपचाराचं चक्र आम्ही महिनाभर पुढं ढकललं.

ते सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी आणि मनीषा ती साडी घेऊन काकूंकडे गेलो. काकूंनी साडीवरून हात फिरवला, बाजूला ठेवली, पुन्हा उचलून मांडीवर घेतली. मनीषानं त्यांना नगरच्या डॉक्टरांचं, इंजेक्शनांचं सगळं सांगितलं. निघायच्या वेळी सुवासिनीची ओटी भरायची म्हणून काकूंची भावजय सुपात नारळ, खण, तांदूळ घेऊन पुढं आली. चार लेकरांची आई ती, तिचाच मान. काकू आपोआप मागं सरकल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तसं सरकायची त्यांना सवयच झालेली होती.

मनीषा म्हणाली, "माझी ओटी काकू भरतील."

भावजयीच्या हातात सूप तसंच राहिलं. "अगं, माजं काय," काकू म्हणाल्या, "मला ना लेकरू, ना आता कुकू. तुज्या चांगल्या कामाला मी कशाला?" मनीषानं पदर पसरला आणि ती तशीच त्यांच्यापुढं उभी राहिली. शेवटी भावजयीनंच सूप काकूंच्या हातात दिलं. कुंकू तिनं लावलं, ओटी काकूंनी भरली. तांदूळ घालताना निम्मे खाली सांडले.

भरलेल्या पदराला त्यांनी स्वतः गाठ मारली, आणि मनीषाच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "ऱ्हायलं तर कळव. न्हाई ऱ्हायलं तरी ये."