खालच्या आळीचं पाणी

पाणी कमी झालं की आमच्या ग्रामपंचायतीत दोन गोष्टी वाढतात, अर्ज आणि किस्से. अर्ज मी फायलीला लावते, कारण मी तिथली क्लार्क. किस्से कुठे लावायचे ते वरून अजून कुणी कळवलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मुळशीत पाणीटंचाई म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. पावसाळ्यात इथे चार-चार महिने कपडे वाळत नाहीत हो! पण एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो आणि मग प्रत्येक आळीला दिवसाआड पंचेचाळीस मिनिटं पाणी. ते सोडतात आमचे वॉलमन तात्या. एकोणीस वर्षं वॉलची ती लांबडी चावी त्यांच्याच खांद्यावर. यंदा त्यांच्याच विरुद्ध अर्ज आला, की तात्या स्वतःच्या खालच्या आळीला जादा पाणी सोडतात. खरं निघालं तर चावी काढून घ्यायची, असं सरपंचांनी सांगून टाकलं. त्या दिवसापासून तात्यांनी ऑफिसात चहा घेणं बंद केलं.

पण तात्या माणूस कसा, ते आधी ऐका.

*

धरणाकाठी बंगला घेतलेल्या एका साहेबांचा फोन आला. घेताना लेक व्ह्यू म्हणून सांगितलेलं, आता समोर नुसता चिखल आणि म्हशी. कंप्लेंट कुणाकडे करायची? धरण पंचायतीचं नसतं, हे समजावून समजावून माझा घसा सुकला. शेवटी फोनवर हात ठेवून तात्यांना विचारलं, काय सांगू यांना?

"पानी अजून समुद्रातच हाय म्हनावं. जुलैपातुर पोचंल."

मी तसंच्या तसं सांगितलं. साहेब थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला.

*

टंचाईत गाड्या धुवायच्या नाहीत, अशी नोटीस आम्ही लावली. सही सरपंचांची. तिसऱ्या दिवशी सरपंच स्वतःच दारात जीप धुवायला काढून बसलेले! तात्यांनी लांबून पाहिलं. जीपला टपापासून चाकांपर्यंत साबण लागेस्तोवर निवांत थांबले आणि वॉल बंद केला.

आळीची तेवढी मिनिटं त्यांनी नंतर भरून दिली, पण सरपंचांना पौडला मीटिंग गाठायची होती, ते निघून गेलेले. पौडला लोक विचारत होते, जीपला पांढरा रंग कधी दिला.

*

आता अर्जाचं. गावात खोल्या भाड्याने घेऊन आयटीवाली पोरं राहतात. त्यांनी पाण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि तात्यांना गळ घातली, की लाइव्ह लोकेशन टाका, म्हणजे तुम्ही कुठल्या आळीत आहात ते आम्हाला कळेल. तात्यांच्या फोनवर ते सुरू कसं करायचं तेही त्यांनीच शिकवलं.

तात्या रोज सकाळी इमानदारीत लोकेशन सुरू करायचे आणि फोन घरीच फळीवर ठेवून कामाला जायचे. फोन लेकीने घेऊन दिलेला, वॉलच्या चेंबरमध्ये वाकताना पाण्यात पडला म्हणजे?

झालं! सगळ्या गावाला दिसायला लागलं, की तात्या दिवसभर खालच्या आळीत मुक्कामाला. वरच्या आळीचे भिकूअण्णा, एरवी सज्जन माणूस, पण त्यांचं डोकं फिरलं. अर्ज त्यांचाच.

फोनचा उलगडा झाला तरी अण्णा ऐकेनात. फोन फळीवर होता, पण पाणी कुठे होतं ते कोण सांगणार?

*

मग सरपंचांनी मलाच मोबाइलचं घड्याळ लावून आठवडाभर आळ्या-आळ्यांतून उभं केलं. हे काम क्लार्कच्या नोकरीत कुठे लिहिलंय, ते मी अजून शोधतेय.

जाईन तिथे चहा. पाणी नाही म्हणून माझ्याशी भांडायचं आणि चहा घेतल्याशिवाय सोडायचं नाही! वरच्या आळीत तर एका मावशीने माझा हात धरला. नळ नुसता फुसफुसत होता. "ताई, वारं धरू नगा हिशेबात. पानी चढंल तवा घड्याळ लावा."

मी म्हटलं, मी दोन्ही लिहून घेते. वारं सात मिनिटं होतं.

*

ग्रामसभेत आकडे मीच वाचले. मधल्या आळ्या, पंचेचाळीस. वरची आळी, बावन्न. आणि तात्यांची खालची आळी, अडतीस.

मला स्वतःला आदल्या दिवशी बेरीज बघून रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. सरपंचांनी विचारलं, तात्या, हे काय?

तात्या खाली बघूनच म्हणाले, "वर चढाया पान्याला सात मिन्टं लागत्यात. ती कुनाच्यातनं काढू? चावी हातात आली तवापास्नं आमच्यातनंच काढतुया."

भिकूअण्णा उठले, माझ्यापुढच्या फायलीतून आपला अर्ज काढला आणि घडी घालून खिशात टाकला. आवक नोंद झालेला कागद असा नेता येत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले.

टाळ्या सुरू झाल्या. तात्यांची नोकरी राहिली, नावही राहिलं. पण बायकांच्या बाजूला खालच्या आळीच्या सगळ्या जणी टाळ्या सोडून पारूवहिनींकडे बघत होत्या. पारूवहिनी म्हणजे तात्यांची बायको. एकोणीस उन्हाळे ती बाई कमी पडलेल्या पाण्यासाठी ओढ्यापलीकडच्या हापशावर जात होती. नळ लवकर का जातो, ते तिलाही आत्ताच कळत होतं. तिने पदर खोचला आणि निघून गेली.

*

दोन दिवसांनी खालच्या आळीची पाळी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी गेले.

अडतीस मिनिटं झाली तसे तात्या चावी घेऊन वॉलपाशी आले. चेंबरच्या झाकणावर पारूवहिनी मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात मेथीची जुडी. तात्या खाकरले.

वहिनींनी मान वर केली नाही. निम्मी जुडी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"बसा. अजून सात मिन्टं हायेत."

तात्यांनी चावी बाजूला ठेवली आणि मेथी निवडायला बसले.