घारकड्याची पुतळी

नागोठण्याच्या बाजारात दिनानाथशेठचं दुकान होतं. पुतळीमावशीला घेऊन मी त्या रस्त्याने गेलो की ती जीप बरोबर त्याच्या दारासमोर उभी करायला लावायची. काम काहीच नसायचं. जीपच्या मागे मधाचे डबे ताडपत्रीखाली भरलेले असायचे. ती खाली उतरायची, ताडपत्री काढायची, डबे उगाच इकडचे तिकडे करायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. शेठ गल्ल्यावर बसून बघत असायचा. दोघांत एक शब्द होत नसे.

"मावशी, पुढं सावलीत थांबवू का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"हितंच थांबव, सुशील. त्याला दिसू दे."

मी खांब गावचा. पेणच्या ज्या संस्थेची जीप मी चालवतो, ती चार देशांतल्या जंगलातल्या लोकांनी मिळून काढलेली आहे. झाडावर कुऱ्हाड न चालवता जंगलात जे मिळतं, म्हणजे मध, शिकेकाई, हिरडा, गुळवेल, त्यावर वाड्यांनी आपापलं पोट भरावं आणि एका देशाचं शहाणपण दुसऱ्याला मिळावं, असं तिचं काम. आमच्या सुरभी मॅडम हे छान समजावून सांगतात. पुतळीमावशीने मात्र या संस्थेचा उपयोग एकाच गोष्टीसाठी केला, आणि ती गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती.

ती रोह्याच्या डोंगरातल्या सावरवाडीची ठाकरीण. वाडीच्या डोक्यावर घारकडा आहे, तिथे दरसाल आग्या माशीची पोळी लटकतात. तिचा नवरा जनू हा मध काढणाऱ्यांत पहिला. दर उन्हाळ्याआधी तो अंबाडीचा दोर स्वतः वळायचा, भिजवायचा, वाळवायचा, मग कड्याला जायचा. पण एका साली त्याला ताप आला आणि दोर अर्धाच राहिला. मध विकत घेणारा दिनानाथशेठ घाईला आला होता. त्याने धरमतरच्या जेटीवरून एक नायलॉनचा दोर आणला. बार्जांना बांधून खाऱ्या पाण्यात आणि उन्हात वर्षानुवर्षं पडलेला, भंगारात निघालेला दोर.

जनू म्हणाला, "शेठ, माझा दोर होईस्तवर थांबा."

शेठ म्हणाला, "या दोराला बोटी थांबतात, तू काय त्यांच्याहून जड आहेस? नाय जमत तर सांग, दुसरा बघतो."

जनू गेला. कान्हू, त्याचा चुलतभाऊ, वर दोर धरायला होता. पुतळी खाली धूर करत होती. तिने दोर तुटताना पाहिला, आणि नवऱ्याला पडतानाही पाहिलं.

माणसं गोळा व्हायच्या आत शेठच्या गड्यांनी दोराचे दोन्ही तुकडे गोळा करून नेले. चौकशीला आलेल्यांना शेठने सांगितलं, "दारू पिऊन चढला हो. मी नको म्हणत होतो." कान्हूनेही मान हलवली. पावसाळ्यात त्याच्या घरी शेठच्याच दुकानातून तांदूळ येत असे.

जनूने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. त्याचा बाप दारूने गेला होता, म्हणून वाडीत लग्नाची पंगत बसली तरी हा उठून बाहेर जायचा. आणि आता पार रोह्यापर्यंत माणसं म्हणू लागली, ठाकर आणि दारू, दुसरं काय. मुलगी भूमिका शाळेत गेली की पोरं तिच्यासमोर झोकांड्या खाऊन दाखवायची. पुतळी मला एकदा म्हणाली, "मरन आलं ते आलं रे. कड्याला गेलेला मानूस मरतो. पन त्यानं मेलेल्या मानसाला दारू पाजली."

त्यानंतर पुढच्याच वर्षी संस्था आली. सावरवाडीच्या समाजमंदिरात पहिली सभा भरली आणि सुरभी मॅडमनी, कुणीतरी सुचवलं म्हणून, स्थानिक व्यापारी या नात्याने दिनानाथशेठलाच पुढे खुर्ची दिली. हार घातला. पाहुणे होते बोर्निओ बेटावरचे. त्यांच्यात रुसनी नावाची ठेंगणी, पिकल्या केसांची बाई होती. तिची माणसं ताडामाडाहून उंच झाडांवर चढून मध काढतात. ती तिच्या भाषेत बोलायची, तिच्यासोबतचा तरुण ते इंग्रजीत सांगायचा, मॅडम मराठीत.

सभा उठल्यावर रुसनी मागे बसलेल्या पुतळीजवळ आली. नवऱ्याचं तिला कुणी सांगितलं असावं. तिचाही भाऊ झाडावरून पडून गेला होता. ती शेजारी बसली आणि तिने काहीतरी विचारलं. तरुण अडखळला, मॅडमही अडखळल्या.

"त्या विचारतायत... की ज्याने दोर दिला, त्याचं तू काय केलंस?"

पुतळीने समोर हार घालून बसलेल्या शेठकडे पाहिलं.

"सांग त्यांना, अजून काय नाय."

रुसनी हसली नाही. तिने मान डोलावली, जशी कामाची गोष्ट ऐकल्यावर डोलावतात.

संस्थेने दोन वर्षांनी वाड्यांतल्या काही बायकांना बोर्निओला नेलं. पुतळीने नाव दिलं तेव्हा वाडीत सगळे हसले. तिकडे बाकीच्या बायकांनी फोटो काढले, पोळं कसं कापायचं ते शिकल्या: पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, मधाचा तेवढा काढायचा, म्हणजे माशी पुढल्या साली परत येते. पुतळी हे शिकलीच. पण ती रुसनीच्या मागे लागली ती वेगळ्याच प्रश्नाने.

"तुमच्याकडं शेठ हाय का?"

होता, असं कळलं. मग त्याचं काय झालं? तर मध काढणाऱ्या सगळ्या गावांनी एक घर बांधलं. मध त्या घरात जायचा, तिथूनच विकला जायचा. चोरून बाहेर विकेल त्याला झाडावर कुणी सोबत करायचं नाही.

"मग शेठ?"

रुसनीने हात झटकला. त्याला कुणी मारलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी मोडली.

पुतळी परत आली ती हे घेऊन. एकेका वाडीत पायी गेली. म्हणाली, दोर संस्थेचे, टोप्या-जाळ्या संस्थेच्या, मध आपल्या घरात, आपण विकायचा. शेठही गप्प बसला नाही. बाई परदेशात जाऊन काय काय करून आली, असं पसरवलं. सणाला वाड्यांत गूळ वाटला. पण कड्यावर चढणाऱ्याला नवा दोर गुळाहून गोड लागतो. एक वाडी आली, मग दुसरी. उरला कान्हू.

तो एका दुपारी तिच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. "वयनी, मनापन घ्या."

"तुला घेईन. पन आधी समद्यांसमोर सांग, त्या दिवशी काय झालं."

वाडीच्या बैठकीत कान्हू रडत रडत बोलला. जनू शुद्धीत होता, दोर आतून भुगा झालेला होता, आणि आपण भ्यालो. पुतळीने सगळं ऐकून घेतलं. "बस," एवढंच म्हणाली, पण त्याच्याशी पुन्हा घरच्यासारखं कधी बोलली नाही.

शेठचा धंदा त्या उन्हाळ्यात बसला. मुंबईच्या एका औषधवाल्याला त्याने मध देण्याचा शब्द दिला होता, आणि डोंगरातून थेंब उतरेना. शेवटी तो मुलाला, हर्षदला, घेऊन सावरवाडीला चढून आला. मी तिथेच डबे भरत होतो.

"पुतळीबाई, या सालापुरतं द्या. माझा शब्द जातोय."

"तुझा शब्द?" ती ओट्यावरून उठली नाही. "एक शब्द मना हवा हाय. बाजाराच्या दिवशी, तुझ्या दुकानासमोर, मोठ्यानं. मग बोलू."

हर्षद म्हणाला, "बाबा, चला इथून." पण शेठ खाली बघत उभा राहिला.

बाजाराच्या दिवशी मी तिला, भूमिकाला आणि सुरभी मॅडमना घेऊन गेलो. मासळीवाल्या, भाजीवाल्या, गिऱ्हाइकं. शेठ पायरीवर आला. पहिल्यांदा पुटपुटला. पुतळी म्हणाली, "ऐकू नाय आलं." मग तो ओरडूनच बोलला, "सावरवाडीचा जनू दारू प्यायला नव्हता. दोर माझा होता. सडलेला होता, मला ठाऊक होतं."

एका मासळीवालीने हातातला कोयता खाली ठेवला. भूमिकाने आईचा दंड गच्च धरला होता.

शेठने घाम पुसला. "आता मध कधी पाठवताय?"

"मध देईन असं कधी म्हनलं मी? बोलू म्हनलं. बोललो." आणि ती जीपमध्ये येऊन बसली.

जीप सुटताच मॅडमचा तोल गेला. "पुतळीताई, त्याने कबूल केलं ना? आपली संस्था सूड घ्यायला नाही काढलेली. बाहेरच्या लोकांना मी काय सांगू?"

"बाय, तुमची संस्था कशाला काढली ते तुम्ही बघा. मी कशाला आलो ते मना ठावं हाय."

"आये, आता सोड की," भूमिका हळूच म्हणाली.

"तुझा बा वर चढला तवा त्याला कुनी सोड म्हनलं का?"

शेठने दुकान विकलं. त्या कुटुंबात एकच माणूस पुतळीला जड गेलं, शेठची बायको बायजा. जनू गेला त्या पावसाळ्यात ती नवऱ्याच्या चोरून पुतळीच्या घरी तांदूळ पाठवायची. पेणला राहायला जायच्या आधी ती निरोप घ्यायला डोंगर चढून आली. पुतळी आत होती. चुलीपाशी बसून राहिली, बाहेर आली नाही. बायजा थोडा वेळ अंगणात थांबली, भूमिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरून गेली. त्या दिवशी मावशी जेवली नाही, असं भूमिका सांगते. पण पस्तावा झाला का, असं विचारायची माझी छाती नाही.

वाड्यांचं मधाचं घर आता पक्कं झालंय. पुतळी त्याची अध्यक्ष आहे, आणि बाहेरच्या देशांतले पाहुणे आले की मॅडम तिलाच बोलायला उभं करतात. करावंच लागतं, कारण वाड्या दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाहीत. मॅडम दर वेळी आधी विनवतात की माशीबद्दल बोला, सहकार्याबद्दल बोला. ती बोलतेही. पण आधी जनूचं नाव घेते, मग दोर, मग दोर देणाऱ्याचं नाव, गावासकट.

परवा कंबोडियाची माणसं आली होती. तिचं बोलणं दोन भाषांतून त्यांच्यापर्यंत पोचलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मधवाल्याने ते नाव नीट लक्षात ठेवावं म्हणून मोठ्याने म्हणून बघितलं, "दिनानात."

"नाथ," पुतळीने त्याला थांबवलं. "दिनानाथ. पुन्यांदा म्हन."

त्याने पुन्हा म्हटलं.