बटणावरचा अंगठा

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण "ताई, तुमच्यामुळेच हे चालू आहे," असं लोक म्हणतात ते आता मला ऐकवत नाही.

आमचा एक रेडिओ आहे. गाण्यांचा नव्हे, बोलण्याचा — सीबी सेट म्हणतात त्याला. बटण दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. परवाना लागत नाही, पोचतोही जवळपासच्या वस्त्यांपुरताच. माझे मिस्टर रेल्वेत वायरलेसवर होते. ते गेले आणि सेट मी चालू ठेवला. रायपुरातल्या समता कॉलोनीतली आणि आजूबाजूची आम्ही काही म्हातारी माणसं रोज संध्याकाळच्या चहानंतर त्यावर जमतो. हजेरी मी घेते. नाव पुकारलं की ज्यानं त्यानं दोन शब्द बोलायचे. बोलायचं नसेल तर बटण नुसतं दोनदा दाबायचं, टक्‌-टक्‌, म्हणजे ऐकतो आहे, ठीक आहे. काहीच आलं नाही तर जवळचा कोणी घरी जाऊन बघून येतो.

हे सगळं मी बसवलं. माझा आवाजही चांगला. शाळेत होते तेव्हा प्रार्थना मीच सांगायची. हा चॅनेल म्हणजे मी, असंच झालं होतं. मग रामटेके भाऊ आले.

भाऊ कारखान्यातून रिटायर झालेले, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. बटण कधी दाबायचं, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, हे त्यांना मीच शिकवलं. आणि थोड्याच दिवसांत लोक माझी हजेरी कधी संपते याची वाट बघायला लागले. सदर बाजारात नुसती सुतळी आणायला गेले तरी भाऊ एक गोष्ट घेऊन यायचे — सोनाराच्या पायरीवर सांड कसा ठाण मांडून बसला आणि आतल्या नवरीला बाहेरच पडता येईना, असलं काहीतरी. लोक हसून हसून बेजार. मी हसायची का? हसायची. आणि आतून जळायची. सरळच सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा.

पहिल्यांदा ते चुकून झालं. भाऊ बोलत होते, मी माइक मांडीवर ठेवून चष्मा पुसत होते आणि अंगठा बटणावर पडला. दोन सेट एकाच वेळी बोलायला लागले की ऐकणाऱ्यांना नुसती शिट्टी ऐकू येते, डोकं उठवणारी. बोलणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत त्याचा स्वतःचा सेट बहिरा असतो. मी अंगठा काढला तेव्हा कोणीतरी म्हणत होतं, "भाऊ, आवाज फाटून राहिला जी तुमचा. काहीच नाही समजलं."

माझं नाव कोणाच्या मनातही आलं नाही. कसं येईल?

दुसऱ्या दिवशी ते चुकून नव्हतं.

गोष्ट रंगात आली की मी दाबायची. भाऊंनी नवी केबल आणली. भर उन्हात छतावर चढून अँटेना पुन्हा बांधली, वहिनी खाली केबलचं दुसरं टोक धरून उभ्या. शिट्टी काही जाईना. मग सगळे म्हणाले — ताईंना दाखवा, त्यांना यातलं कळतं. मी गेले. वहिनींनी पोहे केले. मी सेट उघडला, फुंकर मारली, जिथे काही बिघडलंच नव्हतं तिथला एक स्क्रू पिळला. घरी येऊन म्हटलं, आता बोलून बघा भाऊ. ते बोलायला लागले — आणि मी बटण दाबून धरलं.

हे लिहिताना हात थांबतो. पण हेच तर सांगायचं होतं ना? मी त्यांना सांगितलं की सेटचा बोलायचा भाग गेला, ऐकायला चालेल, असा सेट आता मिळायचा नाही. ते म्हणाले, "हव ताई, मी ऐकीन ना. तुम्ही बोला." त्यानंतर कोणाच्या कानाला त्रास नको म्हणून त्यांनी बटणाला बोटही लावलं नाही. हजेरीत त्यांच्या नावापुढे मीच म्हणायची — रामटेके भाऊ ऐकून राहिले.

सोडवणं किती सोपं होतं! नागपूरहून एक पार्ट मागवला म्हणायचं, पुन्हा एकदा स्क्रू पिळायचा, की झालं. खोटं तयारच होतं. आज जाईन, उद्या जाईन करत राहिले — संध्याकाळ पुन्हा माझी झाली होती, म्हणून. मग भाऊंना लकवा मारला. वाचा गेली. उजवा हातही गेला.

दवाखान्यातून ते घरी आले त्या संध्याकाळी मी सवयीनं त्यांचं नाव पुकारलं आणि "ऐकून राहिले" म्हणणार, तेवढ्यात आलं — टक्‌-टक्‌. डाव्या हातानं. एकदम स्वच्छ. पाठोपाठ कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही सेट बनवून दिला वाटते."

मी म्हटलं, "हव."

मुलगा नवा रायपूरला राहतो. "मम्मी, यहाँ लिफ्ट है, सब है, आ जाओ," म्हणतो. तिथून सेट इथवर पोचत नाही. वहिनी सांगतात, दुपारपासून भाऊंची नजर सेटवर असते, ताईंचा आवाज आला की मगच चहा पितात. म्हणून जात नाही, असं मी मुलाला सांगते. म्हणून कबूल करत नाही, असं मी मला सांगते. खरं म्हणजे मला भीती वाटते, एवढंच.

त्यांचं नाव मी आता सगळ्यात शेवटी घेते. टक्‌-टक्‌ येतं. कधीकधी त्यानंतर ते बटण दाबूनच धरतात, बराच वेळ. काहीतरी सांगायचं असतं, शब्द येत नाही. मधे कोणी बोलत नाही. मी माइक टेबलावर ठेवते आणि दोन्ही हात मांडीवर. त्यांचा श्वास ऐकू येतो, स्वयंपाकघरात वहिनी भांडं ठेवतात ते ऐकू येतं, त्यांच्या डोक्यावरचा पंखासुद्धा ऐकू येतो.

इतका चांगला सेट आमच्यात दुसऱ्या कोणाकडे नाही.