चिमीचा श्वास

आज आईनं ओवा भाजला आणि माझी बडबड बंद पडली.

तेरा वर्षांमागं बी तिनं असाच ओवा भाजला हुता, तवा माझी बहीण चिमी दोन वर्षांची हुती. तिला ताप, आई ओव्याच्या पुरचुंडीनं तिची छाती शेकत बसलेली. चिमी श्वासाश्वासाला कण्हायची. मला नकलांचा लई नाद; गावच्या आशाताई आल्या, तशी मी लगेच त्या कण्हण्याची नक्कल केली. आई हसली. ताई न्हाय हसल्या. त्यांनी झबलं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत हुता.

"न्यूमोनिया असंल! शेकताय काय, उचला पोरीला!"

कोल्हापूरच्या दवाखान्यात चिमी तीन दिवस ऑक्सिजनवर. मी खाटंपाशी बसून तिचा श्वास मोजायचो. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "दादा, म्हस." मी रडत रडत हंबरलो.

आता दहावीतली चिमी खोकतीया. नुसती सर्दी हाय म्हणती.

"दाद्या, माझा श्वास मोजतोस व्हय?"

"न्हाय की," म्हणालो, आन परत एकपासनं सुरू केलं.