घर आवरू नका

असेसमेंटच्या आधी मी प्रत्येक कुटुंबाला एकच गोष्ट सांगतो: घर आवरू नका. सिंकमध्ये भांडी पडली असतील तर पडू द्या, आजोबांची दाढी वाढली असेल तर वाढू द्या, आणि प्रश्न त्यांना विचारला तर उत्तरही त्यांनाच देऊ द्या. सरकारकडून तपासायला येणाऱ्या बाईंना तुमचा चांगला दिवस बघायचा नाहीये, वाईट दिवस बघायचाय. ही वाक्यं मला इतकी पाठ झाली आहेत की बोलताना मी मनातल्या मनात किराण्याची यादी करू शकतो.

मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनाच्या बाजूला, एका काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वृद्धसेवा विभागात मी नोकरी करतो. आलो होतो अकाउंटिंग शिकायला. युनिव्हर्सिटीच्या दिवसांत एका वृद्धाश्रमात शिफ्ट धरली आणि तिथेच रमलो. रमलो म्हणजे मला ते काम जमतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरी जायचं, सरकारी मदत काय काय मिळते ते समजावायचं, फॉर्म भरून द्यायचे. मग असेसर येतात, तास-दीड तास बसून प्रश्न विचारतात आणि या घराला किती मदत लागेल ते ठरवतात. कुणाला आंघोळ घालायला माणूस मिळतो, कुणाला आठवड्यातून काही दिवस वृद्धांना दिवसभर सांभाळणारं डे सेंटर, कुणाला काहीच नाही.

आपल्या देशी घरांत हमखास एकच चूक होते. असेसर येणार म्हणजे पाहुणे येणार. पडदे धुतले जातात, आजींना इस्त्रीची साडी, डायनिंग टेबलवर फरसाण. मुलगा सुट्टी काढून बसतो आणि वडिलांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं स्वतः देतो. 'वुई मॅनेज, नो वरीज.' असेसर खूश होऊन जातात आणि फॉर्मवर लिहितात की घर समर्थ आहे. महिन्याभराने तोच मुलगा फोनवरून माझ्यावर डाफरतो. मला अशा मुलांचा फार राग यायचा. यायचा म्हणतो, कारण पुढे मला बोलायला तोंड राहिलं नाही.

माझे वडील वीज मंडळात मीटर तपासनीस होते. आईबाबा पेरेंट व्हिसावर इथे कायमचे आले तेव्हा ते ठणठणीत होते. चारेक वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं आणि त्यानंतर एकदा दुपारी चारच्या सुमारास ते कामावर निघाले. इथे प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर मीटरची पेटी असते, त्यामुळे त्यांना काम भरपूर. शेजाऱ्यांच्या पेट्या उघडायच्या, चष्मा कपाळावर सरकवून आकडे बघायचे आणि डायरीत टिपायचे. शेजारचा पंजाबी विचारायचा, "अंकलजी, रीडिंग ठीक है ना?" बाबा गंभीरपणे मान डोलवायचे. पलीकडच्या घरातल्या जोडप्याला हे मजेदार वाटलं नाही. त्यांनी कॅमेरा लावला आणि माझ्या दारावर तक्रारीची चिठ्ठी चिकटवली. मी ती डायरी एकदा चाळली. सुरुवातीची पानं नेटकी होती, घर क्रमांक आणि आकडा. नंतरच्या पानांवर फक्त घर क्रमांक होते.

आई दिवसभर त्यांच्या मागे असायची. मी आणि बायको दोघंही कामावर, मुलगी शाळेत, म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आई एकटी. तिला आधीच एक स्टेंट घातलेला. वर्षभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आमच्या डॉक्टरांनी एकदा दोघांना एकत्र तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यातला पेशंट कोण ते त्यांना कळेनासं झालंय, आणि हे असंच चाललं तर आधी आईच जाईल. बाबांना कुणीतरी काही तास सांभाळणं ही बाबांची नाही, आईची गरज होती. मला हे समजायला डॉक्टर लागायला नको होते. पण लागले.

तर असेसमेंट ठरली. मी त्याच विभागातला, म्हणून दुसऱ्या ऑफिसातून बाई येणार होत्या. मी आईला माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. तिने विचारलं, मग काय बाईला उकिरड्यात बसवायचं? आणि शुक्रवारपासून ती कामाला लागली. पडदे उतरले. खिडक्या पुसल्या. बाबांची तोंडी परीक्षा सुरू झाली: आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या शहरात राहतो, नातीचं नाव काय. चुकले की परत पहिल्यापासून. बाबांच्या खुर्चीच्या बरोबर समोर तिने मराठी कॅलेंडर टांगलं.

मी काय केलं, तर सोमवारी सकाळी बाबांच्या शर्टाला इस्त्री केली. त्यांची दाढी केली, मानेवरचे केससुद्धा काढले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. असं का केलं ते मला माहीत आहे. रोज मी ज्या म्हाताऱ्यांसमोर बसतो, त्यांच्यातले एक म्हणून माझे वडील कुणाच्या फॉर्मवर गेलेले मला सहन होणार नव्हतं. म्हणजे ते तसे असू देत, पण तसे दिसायला नकोत.

असेसर बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, बूट दारातच काढणाऱ्या. नियमाप्रमाणे घरच्यांनी दुभाष्याचं काम करू नये. हाही नियम मी रोज सांगतो. पण आई म्हणाली, आपल्या घरच्या गोष्टी परक्याच्या कानावर कशाला, आणि मी बाईंना म्हटलं की मीच सांगेन, सोपं पडेल.

बाबांनी त्या दिवशी कमाल केली. तारीख विचारली तर कॅलेंडरकडे नजर टाकून तारीख सांगितली, वर आज संकष्टी असल्याचंही सांगितलं. आपल्या जुन्या सरकारी इंग्रजीत त्यांनी बाईंना घरावरचा विजेचा लोड आणि फ्यूज यांवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. बाईंनी दोनदा पोहे घेतले. मग त्या आईकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं की तुम्हाला थकायला होतं का, विसावा हवा असतो का. आई म्हणाली की तसं काही नाही हो, वय झालं की होतंच थोडं, आमचं चाललंय छान. मी भाषांतर केलं: शी सेज, नो वरीज.

बाई गेल्यावर आई सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." बाबा पास झाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता. माझ्याही होता, हे कबूल करतो. संध्याकाळी बायकोने कसं झालं म्हणून विचारलं तर मी ग्रेट म्हणालो. ती आयटीत टेस्टिंग करते, शब्दाला धरते. ती म्हणाली, "ग्रेट? ग्रेट असेसमेंट म्हणजे बॅड न्यूज, असं तूच म्हणतोस ना?" मी तिच्यावर चिडलो.

पत्र आलं. पंधरा दिवसांतून एकदा फरशी पुसायला माणूस आणि महिन्यातून एकदा लॉन कापायला. सोबतीचे तास नाहीत, डे सेंटर नाही. कारण स्वच्छ लिहिलं होतं: पत्नी समर्थ आहे, विसाव्याची गरज नसल्याचं तिने स्वतः सांगितलं. आईला फरशीचा अपमान वाटला. माझी फरशी काय घाण होती का, असं ती दोन दिवस म्हणत होती. निर्णय चुकीचा नव्हता. बाईंनी जे पाहिलं आणि मी जे सांगितलं तेच लिहिलं होतं. मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कामावर जाऊन आणखी एका कुटुंबाला घर आवरू नका म्हणून सांगितलं.

मग जुलैत मला मीटिंगमध्ये असताना इंडियन ग्रोसरीच्या दुकानातून फोन आला. आई-बाबा चालत दूध आणायला गेले होते. आई तांदळाच्या पोत्यांजवळच्या स्टुलावर क्षणभर टेकली आणि तिला झोप लागली. दुकानदाराला वाटलं चक्कर आली, म्हणून त्याने हलवलं, तरी ती उठेना. तोवर बाबा गेले होते. एका ट्रकवाल्याला ते मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर उभे दिसले. त्याने ट्रक आडवा घालून ट्रॅफिक थांबवला आणि त्यांना हाताला धरून त्या दुकानात आणलं. बाबांना काही झालं नव्हतं. मी पोचलो तेव्हा आई स्टुलावरच होती आणि दुकानदाराची माफी मागत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला तिची भयंकर लाज वाटली, मग स्वतःची. मग आम्ही दूध घेतलं आणि घरी आलो.

मी पुन्हा अर्ज केला आणि दुसऱ्या असेसमेंटला त्याच बाई आल्या. या वेळी बायको बाबांना गाडीतून फिरवायला घेऊन गेली, म्हणजे आईला त्यांच्यासमोर बोलावं लागणार नव्हतं. दुभाषी फोनवर होती. फोन टेबलच्या मधोमध ठेवला, स्पीकर लावला. बाईंनी मला गोड शब्दांत सांगितलं की तू बस, पण बोलू नकोस.

फोनमधून एका बाईचा आवाज आला, नागपूरकडचा हेल असलेला. ती आईला म्हणाली की ताई, तुम्ही जे बोलाल ते सगळं मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगणार, काही गाळणार नाही, काही घालणार नाही. आई हो म्हणाली आणि गप्प बसली. मला वाटलं, झालं, पुन्हा झाकली मूठ. पण आईने खुर्ची फोनच्या जवळ ओढली. असेसरकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच, तिने त्या फोनकडे बघत बोलायला सुरुवात केली. परक्याच्या कानावर नको म्हणणारी माझी आई फक्त त्या परक्या कानाशीच बोलली. आपलेच दात, आपलेच ओठ. बघायला कुणी समोर नसलं की ओठ उघडत असावेत.

तिने सांगितलं की तिन्हीसांजेला ते तिला ओळखत नाहीत. चिडत नाहीत, अगदी अदबीने बोलतात. "बाई, तुम्ही आता घरी जा. माझी बायको येईल एवढ्यात, तिला आवडायचं नाही." पहिल्या पहिल्यांदा तिने समजावलं की अहो, मीच ती. तेव्हा ते घाबरून थरथरायचे. मग तिने दुसरी रीत काढली. ती चप्पल घालते, पुढच्या दाराने बाहेर पडते, गॅरेजच्या बाजूच्या बोळातून मागे येते आणि मागच्या दाराने आत शिरते. मग ते म्हणतात, "आलीस? किती उशीर केलास. कोण ती बाई येऊन बसली होती."

दुभाषी बाई हे सगळं इंग्रजीत सांगत होती. तिने 'मी' असंच म्हणायचं असतं, तो नियम आहे. मी बाहेर जाते. मी मागून येते. एक अनोळखी आवाज माझ्या आईचं आयुष्य प्रथमपुरुषात सांगत होता आणि मी टेबलावरच्या पोह्यांच्या बशीकडे बघत होतो. गॅरेजच्या बोळातून येणारी आई मी कितीतरी वेळा पाहिली होती. कामावरून येऊन गाडी लावताना. मला वाटायचं, कचऱ्याचे डबे ठेवून येत असेल.

दिवसातून किती वेळा, असं असेसरने विचारलं. कधी एकदा, कधी चारदा. पाऊस असला तर? तर छत्री घेते.

मग आई एकदम भानावर आली आणि म्हणाली, "हे लिहू नका हो. लोक ह्यांना वेडं म्हणतील." दुभाषीने तेही इंग्रजीत सांगितलं. असेसरचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची परवानगी नव्हती, तरी मी बोललो. मी म्हणालो, प्लीज, राइट इट. एवढं इंग्रजी आईला येतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण पुन्हा नको असंही म्हणाली नाही. बाईंनी लिहिलं.

मदत मिळाली, ते सांगून टाकतो. आठवड्यातून तीन दिवस डे सेंटरची मिनीबस येते आणि बाबा डायरी घेऊन तिच्यात बसतात. पहिल्या दिवशी आई सकाळी दहाला आडवी झाली ती तीनला उठली. बाकीचे चार दिवस पूर्वीसारखेच आहेत.

पण त्या दिवशी निघण्यापूर्वी असेसरने एक प्रश्न विचारला होता, जो त्यांच्या फॉर्मवर नाही. माझ्याकडे फॉर्म असतो, मला माहीत आहे. त्यांनी विचारलं की तुमचा मुलगा याच क्षेत्रात आहे, याच घरात राहतो, तुम्ही हे त्याला का नाही सांगितलंत?

आई फोनलाच म्हणाली, "तो दिवसभर लोकांचं हेच ऐकून येतो. घरी आल्यावर मीसुद्धा कशाला?"

दुभाषी बाईने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. म्हणून ते मला दोनदा ऐकावं लागलं.