तोंडातल्या तोंडातला 'नाही'

रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात सगळेच त्यांना आत्या म्हणायचे, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. खऱ्या आत्या त्या एकाच मुलीच्या. भाऊ-वहिनी अपघातात गेले तेव्हा भाची सहा वर्षांची होती. तिला वाढवता वाढवता आत्यांचं लग्न राहून गेलं ते गेलंच.

मी सतरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर टायपिंग केलं. डॉक्टर एक्स-रे बघत रेकॉर्डरवर बोलायचे आणि आम्ही चौघीजणी कानाला हेडफोन लावून त्याचे रिपोर्ट टाइप करायचो. बोलणं कसलं, पुटपुटणंच ते. एक डॉक्टर तर 'फ्रॅक्चर' ठणकावून म्हणायचे आणि पुढचं 'नाही' गिळून टाकायचे. ते पकडावं तर आत्यांनीच.

"हाड मोडलं नसलं की त्यांचा आवाज शेवटी जरा सैल पडतो," त्या मला सांगायच्या. मला काही तो फरक कधी कळला नाही.

भाची कॉम्प्युटर शिकली, चांगल्या नोकरीला लागली. एकदा म्हणाली, "आत्या, बोलणं ऐकून आपोआप रिपोर्ट लिहिणारा प्रोग्राम करतेय. कुठे चुकतो ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?" रुग्णालयाने परवानगी दिली, रुग्णांची नावं काढून जुनी रेकॉर्डिंग दिली. मग वर्षभर दर रविवारी आत्या लाल पेन घेऊन बसल्या.

"आधी तिचं शुद्धलेखन तपासलं, आता तिच्या मशीनचं," त्या कौतुकाने सांगायच्या.

"आत्या, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय," मी म्हटलं.

"पोरीचं भलं होतंय ना? मग पडू दे की धोंडा."

एका शनिवारी दुपारी भाचीचं भाषण होतं. गावातली कॉम्प्युटरवाली मंडळी महिन्यातून एकदा जमायची, त्याला मीटअप म्हणत. त्या दिवशीचा विषय होता रोजच्या कामातला एआय. आत्या मलाही घेऊन गेल्या. दारात एकाने छातीवर लावायला स्टिकर दिले, त्यावर आपण काय करतो ते लिहायचं. आत्यांनी वळणदार अक्षरात 'टायपिस्ट' लिहिलं.

भाची छान बोलली. मग पडद्यावर आलं: आधी, चार टायपिस्ट, दोन दिवस. आता, चार मिनिटं. तिने ते पान जरा घाईनेच पुढे सरकवलं. पण आम्ही वाचलं होतं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तर आत्यांचाच हात वर. माइक त्यांच्याकडे आला.

"डॉक्टर तोंडातल्या तोंडात 'नाही' म्हणाले, तर त्याला कळतं का?"

भाची म्हणाली, "आता कळतं, आत्या. तूच शिकवलंस."

मग ती सगळ्यांना म्हणाली, "ही माझी आत्या." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या पुढच्या खुर्चीला धरून उभ्याच. खाली कधी बसायचं ते त्यांना कळेना. मी हात धरून बसवलं.

तीन महिन्यांनी रुग्णालयाची पत्रं आली. तिघींना नारळ. मशीनचं काम तपासायला एक जागा ठेवली होती, ती अर्थातच आत्यांना. त्या थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि माझं नाव सुचवून आल्या.

"तुझ्या घरी सासरे अंथरुणावर. मी एकटा जीव, माझं भागेल."

मी एकदाही नको म्हटलं नाही. आजही मी त्याच जागेवर आहे.

परवा त्यांच्याकडे गेले होते. भाचीही आली होती. तिला दुसऱ्या शहरातल्या मीटअपने भाषणाला बोलावलं होतं.

"तुझ्याबद्दल सांगू का गं?" तिने विचारलं.

"सांग की. फक्त ते 'चार टायपिस्ट' पडद्यावर आलं तेव्हा मी समोर बसले होते, ते नको सांगूस."

भाचीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती रडू लागली. "मला कळायला हवं होतं, आत्या."

आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पण एरवी ती रडली की 'वेडी कुठली' म्हणायच्या, तसं म्हणाल्या नाहीत. मी चहाचे कप उचलले आणि आत जाऊन विसळत बसले.